आईच्या आधी

२ नोव्हेंबर, बुधवार

आज सकाळी टीव्हीवाल्यांनी आईला मारून टाकलं.

दादांवर कार्यक्रम होता. याप तेक-सिंग, लोकांचा माणूस, बांध बांधणारा, दोनशे शाळा उभ्या करणारा, आता तैपेईच्या इस्पितळात मृत्यूशी झुंजतोय वगैरे. मधे एक पोरगी गोड आवाजात म्हणाली, "त्यांच्या दिवंगत मातोश्रींनी समुद्रातून कालवं वेचून त्यांना शिकवलं." मी कालवंच फोडत होते. दिवंगत मातोश्री माझ्यासमोर बसून रताळ्याची पेज खात होत्या आणि पेज पातळ झाली म्हणून मला चार शब्द सुनावत होत्या.

मी टीव्हीवाल्यांना फोन केला. ती बाई म्हणाली, आमच्याकडे तसंच लिहिलंय. म्हटलं, अगं भवाने, इथे येऊन बघ, नखं कापतेय मी तिची. तिने फोन ठेवला. मग कीन-होला केला. कीन-हो म्हणजे दादांचा मुलगा, यंदा जिल्हाप्रमुखाच्या निवडणुकीला उभा आहे. तो म्हणतो, "आत्या, आता कशाला दुरुस्त करायचं? लोकांना ती गोष्ट तशीच पाठ आहे."

पाठ कुणी करून घेतली? दादांनीच. भाषणात आईची गोष्ट अशी रंगवायचे की लोक ढसाढसा रडायचे, आणि रडता रडता लोकांनी तिला पोचवूनच टाकलं. दादांनी कधी म्हटलं नाही की अहो, थांबा, ती आहे. पंच्याण्णव वर्षांची आहे, तीन नवी वर्षं झाली मी तिला तोंड दाखवायला घरी गेलो नाही, पण आहे.

आईला ऐकू कमी येतं. पडद्यावर दादांचा फोटो बघून म्हणाली, "तेक-सिंग वाळलाय." मी म्हटलं, टीव्ही जुना आहे.

मला सांगून ठेवलंय, आईला काही कळू द्यायचं नाही. सांगणारे तैपेईत. तोंड लपवायची मी.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी कीन-हो आला. बरोबर त्याचा सेक्रेटरी तेन. तैपेईचा माणूस, बूट असे चकचकीत की आमच्या अंगणातली वाळूसुद्धा बिचकली असेल. आल्या आल्या त्याने मोजपट्टी काढली आणि मधलं दालन मोजायला लागला. देव आणि पूर्वजांच्या नावांच्या पाट्या तिथे. दोघांच्या मधल्या खुर्चीवर आई झोपलेली. तिला वळसा घालून मोजत होता, खांब असल्यासारखा.

विधी सांगणारे लिमकाका बोलावलेले होतेच. कीन-हो म्हणाला, "काका, डॉक्टर म्हणतात आता थोडे दिवस. बाबांना आधीच घरी आणायचं. रबरी फुगा दाबत दाबत आणतील, श्वास चालू ठेवून."

"बरोबर," लिमकाका म्हणाले. "बाहेर मेलेला गावात घेत नाहीत. मग वेशीबाहेर मांडवात पडून राहील, वाऱ्यात."

"इथे दालनात फळी मांडू," तेन म्हणाला. "कॅमेरा दारात. मागे पूर्वज, समोर साहेब."

"दालनात नाही चालायचं."

"का?"

लिमकाकांनी आईकडे हनुवटी केली. "ती आहे ना. आई जिवंत असताना पोराला मधल्या दालनात मरता येत नाही. ती जागा आधी तिची. पोरगा बाजूच्या खोलीत."

"बाजूच्या खोलीत आत्या कालवं ठेवते!" कीन-हो ओरडला. "राष्ट्राध्यक्षांनी ज्यांच्या गळ्यात पदक घातलं ते बाबा कालवांच्या टोपल्यांत मरणार?"

"टोपल्या मी हलवते," मी म्हटलं. "आई नाही हलणार."

तेन हळूच म्हणाला, "आजीबाईंना थोडे दिवस कुठे हवापालट करायला पाठवलं तर?"

लिमकाका हसले. त्यांना वाटलं थट्टा आहे. "अरे बाबा, ती जपानात जाऊन बसली तरी जिवंतच की! आभाळाला काय तू पत्ता बदलून फसवणार?"

तेनही हसला. पण मोजपट्टी त्याने खिशात घातली नाही, हातातच धरून ठेवली. ते मला आवडलं नाही.

७ नोव्हेंबर, सोमवार

तैपेईला जाऊन आले. पहाटेची गाडी. आईला शेजारच्या आ-हुनच्या बायकोकडे सोपवलं, सांगितलं दात दाखवायला चालले.

दादांना बघून आधी राग आला. किती लहान झालाय हा माणूस. ज्याच्या आवाजाने मासळी बाजार गप्प व्हायचा, तो उशीवर वाळक्या शेंगेसारखा. दारात हारतुरे इतके की नर्सला वाट काढावी लागते. आत मात्र कुणी नाही. वहिनी गेल्याला पाच वर्षं झाली, मुलगा प्रचारात.

मी काय ठरवून गेले होते? विचारणार होते. या घरात मी टोपलीतून आले, दोन महिन्यांची, तिसऱ्या भावाची बायको व्हायला म्हणून पाळलेली. तो बोटीवर गेला, परदेशात संसार थाटला, सुटला. मी तिसरीत होते तेव्हा आईचा पाय मोडला. थोरल्या दादांनी शहरातून निरोप धाडला, गिनला शाळेतून काढा, घरी कोणीतरी हवं. ते तेव्हा विधिमंडळात मुलींच्या शिक्षणावर बोलत होते. दोनशे शाळा. मला एक होती, ती काढून घेतली. हे विचारायचं होतं.

विचारलं नाही. त्यांनीच डोळे उघडले, म्हणाले, "आई जेवते का?"

"तुमच्यापेक्षा जास्त."

हसले. हसताना खोकला आला. मग माझा हात धरून म्हणाले, "घरी न्या. दालनात नको. ती आहे."

"कीन-हो ऐकायचा नाही."

"तिला सांग. लपवू नका. मी बरंच लपवलं." मग डोळे मिटले. मी उठणार इतक्यात, "लिहितेस ना गं? मास्तरीण वेळेवर येते ना?"

आता ह्यांना वर्गाचं कुणी सांगितलं? दोन वर्षं झाली, जुन्या मिठाच्या कचेरीत चाळिशीवरच्या बायकांचा वर्ग सुरू झाला. आजूबाजूच्या कुठल्याच गावात नाही, आमच्याच गावात का कोण जाणे. मास्तरीणच बोलली असेल कुठेतरी. मोठ्या माणसांना सगळीकडे नाक खुपसायची सवय. मी म्हटलं, येते, पण चुका फार काढते. ते म्हणाले, "काढू दे."

परतीच्या गाडीत सबंध वाट राग आला. हुकूमच शेवटी. तिला सांग. म्हणजे पुन्हा मीच. स्वतः तीन वर्षं तोंड दाखवायचं नाही आणि मरायची बातमीसुद्धा गिनने द्यायची.

नाही सांगितली. आईने विचारलं, "कुठला दात?" मी कुठलातरी दाखवला.

१० नोव्हेंबर, गुरुवार

कीन-होला फोनवर दादा काय म्हणाले ते सांगितलं. म्हणतो, "माझ्यासमोर तसं काही म्हणाले नाहीत."

"तू समोर होतास कधी?"

"आत्या, बाबा औषधाच्या गुंगीत असतात. आणि हे बघ, आजीची तपासणी करून घेऊ म्हणतोय. चांगलं ठिकाण आहे, नर्सा आहेत, खोलीत टीव्ही आहे."

"टीव्हीत ती मेलीय."

"तू ना, सगळ्याचं भांडण करतेस."

करतेच. या घरात दुसरं कोण करणार? मी फोन आपटला आणि हातातली वाटी फुटली.

१३ नोव्हेंबर, रविवार

आज अक्षर कसंही येतंय. मास्तरणीला बोलू दे.

ओहोटी लांबची होती म्हणून मी दुपारी चिखलात लावलेल्या कालवांच्या ओळींकडे गेले. आले तर दालनातली खुर्ची रिकामी. आ-हुनची बायको रडत उभी. शहरातल्या म्हाताऱ्यांच्या घराची पांढरी गाडी आली, नर्सबाई गोड बोलली, तेनने आईला हाताला धरून बसवलं. "मी विचारलं तर म्हणाले गिनला माहीत आहे."

मी चिखलाच्या बुटांनीच निघाले. आ-हुनने त्याचा कालवं ओढायचा तीनचाकी गाडा काढला. शहरापर्यंत वारा असा की तोंड उघडलं की दात वाळूने खरखरायचे, तरी मी सबंध वाट शिव्या देत होते. आ-हुन म्हणाला, "मला देऊ नको, मी फक्त चालवतोय."

म्हाताऱ्यांचं ते घर. काचेच्या दारातला माणूस म्हणाला चिखल. मी म्हटलं, हो, चिखल.

आई खिडकीशी बसली होती. अंगात नवा गुलाबी स्वेटर. हातात वाटी, चमच्याने काहीतरी गोड खात होती. मला बघून म्हणाली, "उशीर केलास. यात अंडं घालतात, तू घालत नाहीस."

मी तिथेच फुटले. तिच्या कानाशी ओरडून सांगितलं, सगळ्या म्हाताऱ्या वळून बघायला लागल्या. "आई, दादा मरतोय! त्याला घरी आणणार आहेत, आणि दालनात ठेवायचा म्हणून तुला इथे आणून टाकलंय!"

तिने वाटी संपवली. चमचा चाटला. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"तू फोन ठेवलास की भांडी आपटतेस. या महिन्यात माझ्या तीन वाट्या फोडल्यास. त्यातून कळणार नाही तर काय? दात दाखवायला तैपेईला कोण जातं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला सगळ्यांना लपवायचं होतं. लपवू दिलं." मग उठायला हात पुढे केला. "चल. तो येईल तेव्हा मी घरी नको का?"

दारातला माणूस म्हणाला, सही लागेल, याप साहेबांची परवानगी लागेल. आई थांबली, त्याच्याकडे मान वर करून बघितलं. "कुठल्या याप साहेबांची? एकाला मी जन्म दिलाय आणि दुसऱ्याचं ढुंगण धुतलंय. कुणाला विचारू?"

तिला गाड्यात गोणपाटावर बसवली. स्वेटर काढून टाक म्हटलं तर म्हणते, "कशाला? गरम आहे."

१६ नोव्हेंबर, बुधवार

आज आले.

सकाळी आ-हुन धावत आला, नदीच्या पुलापर्यंत पोचलेत म्हणून. मी कालपासूनच बाजूची खोली रिकामी केली होती. तीनदा धुतली तरी कालवांचा वास जाईना. लिमकाकांनी फळी मांडली. आईने तोंड धुतलं, केस विंचरून घेतले आणि दालनात जाऊन खुर्चीत बसली. गुलाबी स्वेटर वर.

आधी टीव्हीच्या दोन गाड्या, मग रुग्णवाहिका, मग कीन-होच्या प्रचाराची गाडी, तिच्यावर त्याचा हसरा फोटो. फोटो तरी झाकायचा! फुग्यावर हात ठेवून नर्स उतरली, मागून स्ट्रेचर. कीन-हो वाकून मोठ्याने सांगत होता, "बाबा, पूल ओलांडला! बाबा, घर आलं!" ते मात्र त्याने नीट केलं. पुलावर पुलाचं नाव सांगावं लागतं, नाहीतर जीव मागे राहतो.

तेनने स्ट्रेचर दालनाकडे वळवलं आणि दारातच सगळे थांबले.

टीव्हीची पोरगी पुटपुटली, "या कोण?"

"दिवंगत मातोश्री," मी म्हटलं. बरं वाटलं.

कीन-हो पांढरा पडला. "आजी, जरा बाजूला बसतेस? थोडाच वेळ. बाबांसाठी."

"मी जिवंत आहे," आई म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी असताना इथे नाही. तुझा बाप मंत्री तिकडे. इथे माझा पोरगा आहे. त्या खोलीत न्या."

"आजी, सगळा देश बघतोय!"

"बघू दे. देशाला आई नाही का?"

कॅमेरे चालू होते. त्यांच्यासमोर म्हातारीला उचलून टाकायची कुणाची हिंमत नव्हती. तेनने स्ट्रेचर फिरवलं.

बाजूच्या खोलीत दादांना फळीवर ठेवलं. मी त्यांचा हात धरला. गार होता, अगदी समुद्रातून काढल्यासारखा. मी नर्सवर उखडले, वाऱ्यातून आणताना हात पांघरुणात घालायला काय झालं होतं? ती खाली बघून फुगा दाबत राहिली. डोळे लाल होते तिचे. कामचुकार असली तरी मन असावं. लिमकाकांनी दादांच्या मानेपाशी बोटं ठेवली आणि झटकन कीन-होकडे बघितलं. कीन-होने मान फिरवली. मग लिमकाका दाराकडे बघायला लागले, वेशीकडे. सगळे असे गप्प का झाले मला कळेना.

तेवढ्यात आई माझ्या आधाराने आत आली. तिने दादांच्या कपाळाला हात लावला नाही. पांघरूण वर करून पाय धरला, दोन्ही हातांनी, लहान मुलाचा धरतात तसा. बराच वेळ धरला. मग लिमकाकांकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाली, "श्वास आहे. माझ्यासमोर आहे. आला, वेळेत आला."

लिमकाका म्हणाले, "आईने पाहिलं म्हणजे झालं."

"आता काढ गं तो फुगा, पोरी. दमला असेल."

नर्सने फुगा काढला आणि तोंडावर हात घेऊन बाहेर पळाली. दादा इतक्या शांतपणे गेले की मला कळलंसुद्धा नाही कधी गेले. मी आईला विचारलं, "कळलं का गं तुला?" तिने माझ्याकडे बघितलं. "तू जा, पाणी तापव," म्हणाली.

१९ नोव्हेंबर, शनिवार

आज दादांची शवपेटी बंद केली. तो मुहूर्त कीन-होला सोयीचा होता, दोन आठवड्यांवर मतदान आहे. तैपेईहून एक अधिकारी झेंडा घेऊन आला. पेटीवर झेंडा घालून फोटो काढले, एक, दोन, आणखी एक, या बाजूने. कालवांच्या खोलीत माणसं मावेनात म्हणून पेटी अंगणातल्या मांडवात ठेवली होती.

लिमकाका म्हणाले, "आता आई."

आईच्या आधी गेलेल्या पोराला शिक्षा असते. पेटीवर काठी मारायची, हे पाप त्याच्याबरोबर जाऊ नये म्हणून. आता फार कुणी करत नाही. अधिकाऱ्याला कीन-होने आईला न कळणाऱ्या सरकारी भाषेत समजावलं, तर तो ताडकन म्हणाला, अशक्य. तो राष्ट्रध्वज आहे.

आईने मला विचारलं, "काय म्हणतो?"

"म्हणतो झेंड्यावर मारता येणार नाही."

"मग काढा म्हणावं ते कापड. नाहीतर असू दे. त्यालाही लागू दे दोन."

लोक हसले. मांडवात, पेटीसमोर, लोक हसले. कीन-हो रडकुंडीला आला, "आजी, पाया पडतो. उद्या वर्तमानपत्रात काय येईल? म्हातारीने मंत्र्याला काठी मारली!"

"म्हातारीने पोराला मारली, असं लिहायला सांग. तीन वर्षं आला नाही, आणि आला तो असा." एवढं बोलताना पहिल्यांदा तिचा आवाज फाटला. मी या घरात बावन्न वर्षं आहे. तिला रडताना मी पाहिलं नव्हतं. आजही पाहिलं असं म्हणता येणार नाही, तोंड स्वेटरच्या बाहीत होतं.

अधिकाऱ्याने शेवटी झेंड्याच्या घड्या घातल्या. घड्या घालताना इतका वेळ लावला, जणू आम्हाला लाज वाटावी म्हणून. नाही वाटली.

आईने काठी उचलली. एकदा मारली. धूळ झटकल्यासारखी. दुसऱ्यांदा हात वरच जाईना. ती तशीच उभी, काठी अर्ध्यावर, सगळे बघतायत. कीन-हो पुढे आला तर तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं, तो मागे झाला. मग तिने काठी माझ्याकडे दिली.

"माझा हात पोचत नाही. तू मार."

लिमकाका म्हणाले, "ही सख्खी नाही."

"ही कोण आहे ते मला माहीत आहे," आई म्हणाली. "मार गं, गिन. तुझंही त्याच्याकडे काही राहिलंय."

हे मी कधी बोलले नव्हते तिच्याशी. शाळेचं एक अक्षर काढलं नव्हतं, चाळीसच्या वर वर्षं. मी काठी घेतली. वाटलं होतं, आईसारखीच हलकी मारायची, रीत पुरी करायची. पण हात सुटला तो सुटला. दोन आईच्या नावाने. तिसरी अशी बसली की वरचं लाकूड चिरलं, लाल रंगाची ढलपी उडून अधिकाऱ्याच्या बुटावर पडली. कुणीतरी "अगं!" म्हणालं. कीन-होने माझं मनगट धरलं. आई म्हणाली, "सोड तिला."

त्याने सोडलं. मग मी चौथी मारली. ती कुणाच्या नावाची होती ते कुणी विचारलं नाही. मारता मारता मी काहीतरी ओरडत होते. आ-हुनची बायको सांगते, मी ओरडत होते, "का आला नाहीत? का आला नाहीत?" मला वाटलं होतं मी शाळेचं विचारतेय.

पेटी निघाली तेव्हा आईला आत नेलं, तिला बघायची मनाई असते. मी बाजूला बसले. बाहेर ढोल, गाड्या, कीन-होचा भोंगा. आईला त्यातलं थोडंच ऐकू येत असेल. माझा उजवा पंजा सुजलाय, बोटं पुरती मिटत नाहीत. तिने तो मांडीवर घेतला आणि तेल चोळत राहिली, भोंगा लांब जाईपर्यंत. मग म्हणाली, "उद्या कालवं फोडू नकोस. मी फोडते."

पंच्याण्णव वर्षांची. म्हटलं, फोड.